चक्रीवादळ येतंय, गाडी काढून मुंबई सोडायची का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे अरबी समुद्रातल्या वादळांचे महिने. हवामान खात्याचा नकाशा आला की सोसायटीच्या ग्रुपवर दहा मिनिटांत पहिला मेसेज पडतो: ‘आम्ही लोणावळ्याला निघतोय, तुम्ही?’ तिथून पुढे जे प्रश्न सुरू होतात, ते इथे घेतले आहेत.

एका वाक्यात सांगा, निघायचं की थांबायचं?

पक्क्या आरसीसी इमारतीत, पहिल्या मजल्याच्या वर आणि समुद्र, खाडी, नाला, डोंगरउतार यांपासून लांब राहत असाल तर थांबायचं.

बाकीच्यांनी निघायचं. पण निघायचं म्हणजे पुणे-नाशिक गाठायचं असं नव्हे. वर्सोवा कोळीवाड्यातल्या कुटुंबाला अंधेरी पूर्वेच्या मावशीचं तिसऱ्या मजल्यावरचं घर पुरतं. पाण्यापासून लांब जावं लागतं, वाऱ्याला मात्र भक्कम भिंत पुरते. मुंबईत या दोन्ही गोष्टी बहुतेकांना पाच-सात किलोमीटरच्या आत मिळतात, आणि तेवढ्यासाठी एक्स्प्रेसवेवर रात्र काढायची गरज नाही.

पण अमेरिकेत तर अख्खं शहर गाड्या काढून जातं. आपण का नाही?

तिकडेही हे दरवेळी जमतं असं नाही. सप्टेंबर २००५ मध्ये ‘रिटा’ वादळ ह्यूस्टनकडे येतंय म्हटल्यावर २५ लाखांहून जास्त लोक गाड्या घेऊन निघाले. तीनच आठवडे आधी ‘कतरिना’ने न्यू ऑर्लिन्स बुडवलेलं सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं होतं, त्यामुळे ज्यांना जायची गरज नव्हती तेही बाहेर पडले. दीडशे किलोमीटरच्या आसपास रांगा लागल्या. भर उन्हात इंजिनं तापली, पेट्रोल संपलं. उलट दिशेच्या लेन उघडून द्यायला उशीर झाला. वृद्धाश्रमातल्या लोकांना नेणाऱ्या एका बसला आग लागून २३ जण गेले. त्या स्थलांतरात शंभराहून अधिक माणसं दगावली आणि वादळ मात्र ऐनवेळी पूर्वेला वळून टेक्सास-लुइझियानाच्या सीमेवर धडकलं. बारा वर्षांनी ‘हार्वे’ आलं तेव्हा ह्यूस्टनच्या महापौरांनी शहर रिकामं करायचा आदेश दिला नाही, त्यामागे रिटाचाच धडा होता.

आपल्याकडचं उदाहरण जास्त उपयोगाचं आहे. १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशात सुमारे दहा हजार माणसं गेली. मे २०१९ मध्ये ‘फनी’ आलं तेव्हा त्याच ओडिशाने बारा लाखांच्या आसपास माणसं हलवली, तीही बसने, टेम्पोने, पायी, जवळच्या निवारा केंद्रात. खासगी गाडीचा त्यात नावालाच वाटा होता. मुंबईला ओडिशाचा हा कित्ता गिरवता येईल, टेक्सासचा नाही.

नक्की कोणी हलायलाच हवं?

कोळीवाडे आणि किनाऱ्याला टेकलेल्या वस्त्या: वरळी, माहीम, वर्सोवा, मढ, गोराई, मनोरी, कफ परेडचं मच्छीमार नगर. मिठी नदीकाठचा कुर्ल्याचा क्रांतीनगरचा पट्टा. डोंगरउतारावरच्या आणि संरक्षक भिंतीला टेकलेल्या वस्त्या, कारण तिथे समुद्र लांब असला तरी पाऊस पुरतो. २०१९ ला मालाडच्या पिंपरीपाड्यात आणि २०२१ ला चेंबूरच्या भारतनगरात भिंतीच कोसळल्या होत्या. पत्र्याच्या छपराखाली राहणारे सगळे. म्हाडाने किंवा पालिकेने धोकादायक म्हणून नोटीस लावलेल्या जुन्या इमारती. आणि सखल भागातला तळमजला, मग इमारत कितीही नवी असो.

पालिका अशा वेळी महापालिका शाळांमध्ये तात्पुरता निवारा उघडते. २०२० चं ‘निसर्ग’ आणि २०२१ चं ‘तौक्ते’, या दोन्ही वादळांच्या वेळी उघडला होता. ‘तौक्ते’च्या आदल्या दिवसांत दहिसर, बीकेसी आणि मुलुंडच्या जम्बो कोविड केंद्रांतले ५८० रुग्णही शहरातल्या शहरातच इतर रुग्णालयांत हलवले. मुंबईचं खरं स्थलांतर असं दिसतं: चारचाकी नाही, ॲम्ब्युलन्स आणि बेस्टची बस.

मुंबईला खरंच चक्रीवादळाचा धोका आहे का? दरवेळी तर हुकतं.

हुकतं, पण थोडक्यात. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. श्रीवर्धन-मुरुडच्या नारळी-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या आणि तिथे कित्येक दिवस वीज नव्हती. गेटवेहून लाँचने तासाभरात मांडवा येतं, इतकं हे जवळ. १७ मे २०२१ ला ‘तौक्ते’ मुंबईला बाजूला ठेवून समुद्रातूनच गुजरातकडे गेलं, तरी कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचा झोत नोंदला गेला. नोव्हेंबर २००९ मध्ये ‘फयान’ अलिबाग आणि मुंबईच्या मध्येच कुठेतरी जमिनीवर आलं. १९४८ च्या नोव्हेंबरात तर एका वादळाने थेट मुंबईलाच झोडपलं होतं.

एक गोष्ट मात्र टीव्हीवाले नीट सांगत नाहीत, ती सांगतो. वादळ मुंबईच्या उत्तरेला धडकणार की दक्षिणेला, याने चित्र पार बदलतं. आपल्याकडे वादळाचे वारे घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतात. केंद्र अलिबागकडे असेल तर मुंबईवर वारा जमिनीकडून येतो. केंद्र पालघर-डहाणूकडे असेल तर तोच वारा समुद्रावरून येतो आणि पाणी शहरात ढकलतो. त्यामुळे ‘पालघरला धडकणार, आपण वाचलो’ असं कुणी म्हणालं तर त्याला नकाशा पुन्हा बघायला सांगा.

१८८२ साली मुंबईत वादळाने लाखभर माणसं मेली, असा फॉरवर्ड आलाय.

दरवर्षी येतो. त्या वर्षीच्या नोंदींत असं वादळच सापडत नाही. संशोधकांनी शोधून पाहिलंय. पुढे पाठवू नका.

जायचंच ठरलं, तर केव्हा निघायचं?

हवामान खातं टप्प्याटप्प्याने सांगतं: सुमारे ७२ तास आधी पूर्वसूचना, ४८ तास आधी सतर्कतेचा इशारा, २४ तास आधी धोक्याचा इशारा, आणि १२ तास आधी, जमिनीवर आल्यानंतर वादळ पुढे कुठे जाईल याचा अंदाज. गाडीने शहराबाहेर जाणाऱ्याने ४८ तासांच्या इशाऱ्यावर निघावं. २४ तासांचा इशारा आला की शहराबाहेरचा बेत सोडून द्या आणि शहरातल्या शहरात सुरक्षित जागी जा. १२ तास राहिले की गाडीची किल्ली कपाटात.

लोक नेमकं उलटं करतात. ४८ तास आधी आभाळ निरभ्र असतं, ऑफिसला सुट्टी नसते, मुलांची परीक्षा असते. मग आदल्या रात्री वारा सुटला, की सगळे एकदम गाड्या काढतात.

कुठल्या रस्त्याने जायचं?

आधी एक हिशेब करू. मुंबईतून गाडीने बाहेर पडायच्या मुख्य वाटा मोजक्याच आहेत: दहिसरहून अहमदाबाद महामार्ग, मुलुंडहून ठाण्याकडे, ऐरोलीचा पूल, वाशीचा पूल आणि जानेवारी २०२४ पासून अटल सेतू. अहमदाबाद आणि कोकणाकडे जाणारे सोडले तर बाकी बहुतेक सगळे पुढे जाऊन दोनच घाटांवर येतात, बोरघाट नाहीतर कसारा. एका लेनमधून, वाहतूक सुरळीत असताना, तासाला साधारण दीड ते दोन हजार गाड्या सरकतात. एक्स्प्रेसवेला एका दिशेला तीन लेन. समजा फक्त एक लाख गाड्या पुण्याकडे निघाल्या. एकही बंद पडली नाही, एकही ठोकली नाही, ट्रक शहाण्यासारखे डावीकडून गेले, तरी त्या पार व्हायला १७ ते २२ तास लागतील. आता यात घाटात तापलेली एक गाडी टाका. शनिवारी सकाळी खंडाळ्यात अडकलेल्या कुणालाही हे गणित वेगळं सांगायला नको.

त्यात पाऊस. आडोशी बोगद्यापाशी २०१५ आणि २०२३ च्या जुलैत दरड आली होती आणि एक्स्प्रेसवे ठप्प झाला होता. माळशेज, ताम्हिणी, वरंध यांच्याबद्दल तर बोलायलाच नको. ‘शॉर्टकट आहे, गर्दी नसेल’ म्हणून वादळात या घाटांत शिरू नका. तिथे गर्दी नसते ती उगाच नाही.

शिवाय वादळ किनाऱ्यावर येऊन थांबत नाही. ‘निसर्ग’ रायगडातून पुढे पुणे आणि नाशिकच्या दिशेनेच गेलं. जोर कमी झाला होता, पण वाटेत झाडं पडली, छपरं उडाली, पुणे जिल्ह्यात माणसंही गेली. म्हणून आधी अंदाजित मार्ग बघा आणि मग आपला रस्ता ठरवा. तो मार्ग पुण्याकडे वळत असेल तर तिकडे जाणं म्हणजे वादळाच्या पुढे पुढे पळणं. एनडीआरएफची, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, पाचवी बटालियनही तळेगावजवळ सुदुंबरेला आहे. तिथून निघालेल्या तुकड्या याच रस्त्याने समोरून येतात, तेव्हा कंटाळून राँग साइडने घुसायचा मोह आवरा.

गावी जावं म्हणतोय. कोकणात आमचं मोठं घर आहे.

चाकरमान्याचा जीव संकटात गावाकडेच ओढ घेतो, हे कळतं. पण गाव श्रीवर्धन, मुरुड, दापोली, गुहागर अशा पट्ट्यात असेल तर मुंबई त्यापेक्षा बरी. ‘निसर्ग’च्या आदल्या दिवशी जो श्रीवर्धनला गेला असता तो थेट वादळाच्या दारात उभा राहिला असता. मुंबई-गोवा महामार्गाच्या अवस्थेबद्दल मी इथे काही लिहीत नाही, वाचणाऱ्यांचा रक्तदाब वाढतो.

अटल सेतू, सी-लिंक, कोस्टल रोड?

वादळात धरून चालू नका. ‘तौक्ते’च्या दिवशी वांद्रे-वरळी सी-लिंक बंद केला होता. अटल सेतूचा सोळा किलोमीटरहून जास्त भाग समुद्रावर आहे. तिथे आडवा वारा लागला तर उंच गाडीचं स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरूनही लेन सुटते. बेत आखताना हे तिन्ही रस्ते नाहीतच असं समजा.

टोलनाक्यावर रांग लागेल का?

मुंबईच्या पाच प्रवेश नाक्यांवर हलक्या वाहनांना ऑक्टोबर २०२४ पासून टोल माफ आहे. पुढे एक्स्प्रेसवेला आहे. फास्टॅगमध्ये पैसे ठेवा.

सीएनजीवर चालेल की पेट्रोल भरायचं?

दोन्ही भरा, आणि पूर्वसूचना आली की त्याच दिवशी भरा. सीएनजीच्या पंपावर एरवीच रिक्षा-टॅक्सीची रांग रस्त्यापर्यंत येते. वीज गेली की कॉम्प्रेसर बंद. पेट्रोल पंपही जनरेटरवर किती वेळ ओढेल ते मालकालाच माहीत. इलेक्ट्रिक गाडी असेल तर पूर्ण चार्ज करून ठेवा आणि घाटात रांगेत चार्जर मिळेल ही आशा ठेवू नका.

रांगेत उभं राहताना एकदा मान वर करून बघा. १३ मे २०२४ ला घाटकोपरच्या छेडानगरात पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळून १७ माणसं गेली. ते चक्रीवादळही नव्हतं, मेमधला वळवाचा सोसाटा होता.

आमची गाडी स्टॅक पार्किंगमध्ये वरच्या ट्रेवर असते.

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात आणि तोच सगळ्यात आधी विचारायला हवा. वीज गेली की ट्रे जागच्या जागी. तुमची गाडी वर कोरडी पण अडकलेली, आणि खाली खड्ड्यातल्या ट्रेवरची गाडी पाण्यात. बऱ्याच इमारतींत पार्किंगची लिफ्ट जनरेटरवर घेतलेलीच नसते. लॉबीचे दिवे, पाण्याचा पंप आणि एक लिफ्ट, एवढंच असतं. सेक्रेटरींना आजच विचारा. निघायचं नक्की असेल तर आदल्या दिवशी गाडी बाहेर काढा. थांबायचं असेल तर खड्ड्यातली आणि बेसमेंटमधली गाडी वर आणा, मग ती कुणाचीही असो. बेसमेंटमध्ये पाणी शिरायला लागल्यावर गाडी आणायला खाली जायचं नाही. नव्या गाडीसाठीसुद्धा नाही.

मग गाडी उड्डाणपुलावर लावून ठेवू का? चेन्नईत लावतात.

ऑक्टोबर २०२४ मध्ये वेलाचेरीच्या पुलावर लोकांनी खरंच रांगेने लावल्या होत्या. मुंबईत आपले पूल हेच ॲम्ब्युलन्स आणि अग्निशमन दलाचे कोरडे रस्ते असतात, ते अडवू नका. ओळखीच्या कुणाकडे पोडियम पार्किंग किंवा मॉलचा वरचा मजला बघा. गुलमोहर, पेल्टोफोरम आणि पर्जन्यवृक्षाखाली मात्र लावू नका, मुंबईत पडतात ती बहुतेक हीच.

रस्त्यावर पाणी आहे. समोरची गाडी गेली, मी जाऊ का?

नाही. ती तुमच्यापेक्षा उंच असेल, किंवा तिचं नशीब चांगलं असेल. वाहतं पाणी सहा इंच असलं तरी छोटी गाडी हातातून जाते. फूटभर पाण्यात बऱ्याच गाड्या तरंगू लागतात. दोन फूट वाहत्या पाण्यात एसयूव्हीसुद्धा वाहून जाते. तुम्ही स्टिअरिंग फिरवता आणि चाकं जमिनीला टेकलेलीच नसतात. वर उघडं मॅनहोल पाण्याखाली दिसत नाही.

हिंदमाता, गांधी मार्केट, अंधेरी सबवे, मिलन सबवे ही नावं प्रत्येकाला पाठ असतात. तरी दरवर्षी सबवेच्या तोंडाशी पोहोचल्यावर लोक ‘बघू’ म्हणतात. सबवेत उतार असल्यामुळे आत शिरल्यावर मागे घेता येत नाही, आणि पाणी मात्र तीन बाजूंनी येत राहतं.

भरतीची वेळ पाहून निघा. साडेचार मीटरच्या वरची भरती असताना नाल्यांची तोंडं बंद ठेवावी लागतात, नाहीतर समुद्रच आत येतो. तेवढा वेळ पावसाचं पाणी फक्त पंपांच्या भरवशावर असतं. हाजी अली, लव्हग्रोव्ह, इर्ला ही उदंचन केंद्रं त्यासाठीच बांधलीत. वादळ समुद्राची पातळी आणखी मीटर-दोन मीटर वर उचलू शकतं. ओहोटीला तोच रस्ता दोन-तीन तासांत मोकळा झालेला दिसतो.

गाडी पाण्यात बंद पडली तर?

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या संध्याकाळी काही माणसं बंद गाडीतच गुदमरून गेली. एसी चालू, काचा वर, दारं ऑटोलॉक, आणि ‘पाणी उतरेल’ ही खात्री. म्हणून क्रम लक्षात ठेवा. इंजिन पुन्हा सुरू करायचा प्रयत्न करायचा नाही. पट्टा काढा, लगेच काच खाली घ्या. पॉवर विंडो पाण्यातही काही मिनिटं चालते, पण तेवढीच. मागे बसलेल्या मुलांना आधी बाहेर काढा आणि गाडी सोडा. दार ढकलत बसू नका, बाहेरच्या पाण्याचा दाब असतो. काच अडकली तर बाजूची काच कोपऱ्यात फोडा. समोरची काच थरांची असते, ती फुटत नाही. छोटा हातोडा ड्रायव्हरच्या दारातल्या कप्प्यात ठेवा. डिकीत ठेवलेला हातोडा असून नसल्यासारखाच.

वारा एकदम थांबला, ऊनही पडल्यासारखं झालं. आता निघू?

थांबा. वादळाचा डोळा, म्हणजे मधला शांत भाग, डोक्यावरून जात असेल तर असंच होतं. थोड्या वेळाने वारा उलट्या दिशेने येतो, आणि पहिल्या झोतात सैल झालेली झाडं, पत्रे, काचा त्या दुसऱ्या झोतात पडतात. वादळ सरल्याचं रेडिओवर किंवा ‘सचेत’ या सरकारी इशारा ॲपवर कळल्याशिवाय दार उघडू नका.

गाडीच नाही, लोकलने जाता येईल का?

आदल्या दिवसापर्यंत लोकलसारखं दुसरं काही नाही. गाडीपेक्षा कितीतरी जास्त माणसं ती कमी वेळात कल्याण-विरारकडे नेते. रुळांवर पाणी आलं किंवा ओव्हरहेड वायरवर फांदी पडली की खेळ संपला. जवळचा निवारा कुठल्या शाळेत आहे ते पालिकेच्या १९१६ वर विचारा. तातडीच्या मदतीला ११२.

आईला ऑक्सिजन लागतो, लिफ्टशिवाय उतरता येत नाही.

अशांनी सगळ्यांत आधी हलायचं, ७२ तासांच्या पूर्वसूचनेवरच. वीज गेल्यावर कॉन्सन्ट्रेटर बंद आणि लिफ्टही बंद, म्हणजे चौदाव्या मजल्यावरून खुर्चीत बसवून चौघांनी उतरवायचं. डायलिसिस असेल तर केंद्राशी बोलून एक दिवस आधीची वेळ घ्या. औषधं आठवड्याची, कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि डॉक्टरांचा नंबर फोनमध्येच नव्हे तर कागदावरही.

गाडीत काय घ्यायचं?

पाणी, कोरडा खाऊ, पॉवर बँक, टॉर्च, रोख पैसे, औषधं, मुलांचे कपडे, चप्पलऐवजी बूट. आधार, पॉलिसी, घराचे कागद. टीव्ही नाही. कुत्रा-मांजर असेल तर तेही घ्या, साखळी बांधून मागे ठेवून जाऊ नका. सार्वजनिक निवाऱ्यात त्यांना घेतीलच असं नाही, तेव्हा नातेवाइकांशी आधी बोला.

गाडी बुडाली तर इन्शुरन्स मिळतो का?

कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी असेल तर पुराचं नुकसान त्यात धरतात. नुसती थर्ड पार्टी असेल तर नाही. गोची होते ती इंजिनाची. पाण्यात बंद पडलेली गाडी तुम्ही पुन्हा स्टार्ट केली आणि इंजिनात पाणी शिरून ते लॉक झालं, तर कंपनी ते तुमच्या चुकीचं धरते. इंजिन प्रोटेक्शनची जोडपॉलिसी असेल तर गोष्ट वेगळी, पण ती आकाशात ढग आल्यावर नाही, नूतनीकरणाच्या वेळी घ्यावी लागते. पाणी उतरल्यावर किल्ली फिरवू नका. पाण्याची खूण दिसेल असे फोटो काढा, कंपनीला कळवा आणि गाडी टो करून न्या.